एका घावाची कुऱ्हाड

जुलैत पेठला तुम्ही करता तरी काय, असं नाशिकचे नातेवाईक विचारतात. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचं अंतर, पण मध्ये सावळ घाट आणि कोटंबी घाट आले की त्यांना आम्ही काळ्या पाण्यावर गेल्यासारखं वाटतं. ज्यांची शेती आहे त्यांना कुणी हे विचारत नाही. ते आवणीला, म्हणजे भातलावणीला, चिखलात उभे असतात. नोकरीच्या मागे आलेली आमच्यासारखी बिऱ्हाडं मात्र घरात. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, आणि तो सगळा आमच्याच पत्र्यावर पडतो असा आवाज. (एवढा पाऊस पडून मे महिन्यात पाणी कुठे लपतं हे इथलं जुनं कोडं आहे. दमणगंगा आणि पार दोन्ही पश्चिमेला गुजरातकडे उतरतात, एवढी हिंट मिळालेली आहे.) तर अशा दिवसांत मी आणि सासूबाई कुणाच्या तरी पडक्या वाड्यात शिरून मेणबत्त्या, कात्र्या, घोड्याचे नाल आणि पितळी घुबडं शोधत असतो.

म्हणजे मोबाइलवर. ज्यांनी हिडन ऑब्जेक्ट ॲडव्हेंचर हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर एक खोली दिसते. खोली कसली, दिवाळीच्या आवराआवरीत खाली उतरवलेला माळाच तो. खाली बारा वस्तूंची यादी. एकेक वस्तू हेरायची आणि बोटाने टिपायची. सगळ्या टिपल्या की एक कुलूप उघडतं आणि आपण पुढच्या खोलीत जातो, तिथे नवं कुलूप. अधूनमधून कोडी. आणि या सगळ्याभोवती एक गोष्ट, तिचा समाचार पुढे घेते.

कल्पना काही आजची नाही. झाडाच्या फांद्यांत उलटा लपलेला शिकारी शोधा, अशा कोड्यांवर आमची अख्खी पिढी वाढली. अमेरिकेत ‘हायलाइट्स’ नावाचं मुलांचं मासिक १९४६ पासून असली चित्रं छापतंय, आणि १९८७ साली मार्टिन हँडफर्ड या इंग्रज चित्रकाराने लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वॉली गर्दीत सोडून दिला. पण या धंद्याला खरी बरकत आली ती संगणकावर. सिएटलच्या बिग फिश गेम्सने २००५ मध्ये ‘मिस्टरी केस फाइल्स’चा पहिला भाग काढला, पुढच्या वर्षी ‘रेव्हनहर्स्ट’, आणि मग पोलंडपासून सर्बियापर्यंत ठिकठिकाणी लोक पडके वाडे रंगवायला बसले. गेम खेळणारा म्हणजे हेडफोन लावून ओरडणारा पोरगा, अशी आपली समजूत असते. या खेळांची बरीचशी गिऱ्हाइकं मात्र तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बायका आहेत. घरातली हरवलेली वस्तू शोधायचं काम जगभर कुणाकडे असतं, ते यावरून समजावं.

पेठला हे खेळ मानवतात याचं पहिलं कारण म्हणजे त्यांतले बरेचसे एकदा उतरवून घेतले की नेटवर्क मागत नाहीत. आमच्याकडे नेटवर्क हीच लपलेली वस्तू आहे. कधी ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सापडतं, कधी मोरीच्या खिडकीत, आणि पश्चिमेच्या पाड्यांकडे गेलं तर जे सापडतं ते गुजरातचं असतं. म्हणून नाशिकला गेले की भावाच्या घरी वायफायला बिलगून बसायचं आणि पावसाळ्याची बेगमी करून आणायची. दुसरं कारण म्हणजे यात कुणी कुणावर गोळ्या झाडत नाही. बहुतेकदा घड्याळ लावलेलं नसतं. मध्येच दूध उतू चाललं म्हणून उठलात तरी भूत तुमच्यासाठी तिथेच ताटकळत थांबतं. इतकं समजूतदार भूत माझ्या माहेरीही नव्हतं.

आता गोष्ट. नायिका बहुतेक वेळा डिटेक्टिव्ह असते आणि तिला पत्र येतं. आमच्या गावात मुली गायब होत आहेत, लवकर या. ती पावसापाण्याची एकटी निघते. गाव जवळ आलं की गाडीसमोर झाड तरी पडतं, नाहीतर पूल तरी कोसळतो. (इथवर आम्हाला काहीच नवं नसतं. घाटात झाड पडलं म्हणून एसटी अडकली, ही आमच्याकडे रहस्यकथा नसून नेहमीची बातमी आहे.) मग लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपाला किल्लीचं भोक नाही! त्याऐवजी सिंहाचं तोंड, आणि सिंहाचा एक डोळा गायब. डोळा सापडतो कारंज्यात, पण कारंजं चालू करायला चाक हवं, चाकाचे दात तीन खोल्यांत पसरलेले. खलनायक काळा झगा घालून धुरात उभा राहतो आणि हसतो. मला या माणसाची दया येते. रात्री-अपरात्री परसाकडे जायची वेळ आली तर यालाही सिंहाचे डोळे गोळा करावे लागत असतील.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा आणि जास्त मूलभूत आहे. नायिकेला कुऱ्हाड सापडते. चांगली, नव्या दांड्याची. ती एका दारावरच्या दोन फळ्या तोडते आणि कुऱ्हाड नाहीशी होते. पुढच्या खोलीत दोर कापायचा असतो, तर त्यासाठी सुरी शोधा. सुरीने एक दोर कापला की तिचं पातं मोडतं. पहार एका फरशीपुरती, हातोडी एका खिळ्यापुरती, तेलाची बुधली एका बिजागरीपुरती. “अगं, कुऱ्हाड टाकली का तिनं?” सासूबाई कळवळून विचारतात. त्यांच्या घरात विळीची मूठ तुटली तरी पातं कागदात गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि इथे ही बया घावागणिक एक कुऱ्हाड खर्ची घालते. वर गुडघाभर उंचीचं कुंपण ओलांडायचं असलं तरी ती म्हणते, शिडी हवी.

यामागे खेळ रचणाऱ्याची अडचण आहे, हे मी त्यांना समजावून पाहिलं. कुऱ्हाड हातात राहू दिली, तर कुठलाही शहाणा माणूस पुढची सगळी दारं तिनेच फोडेल आणि पाच तासांचा खेळ पंधरा मिनिटांत आटोपून, मुलीला घेऊन घरी येईल. सासूबाई म्हणाल्या, “मग तसंच करावं की. मुलीच्या आईचा जीव टांगणीला नाही का?”

वस्तू लपवायची कशी, यावर मात्र आमचं दोघींचं एकमत आहे. चांगला खेळ वस्तू पूर्ण दाखवतो आणि तरी ती दिसत नाही. कात्री पुस्तकांच्या कण्यांमध्ये उभी, किल्ली इतर लोखंडी सामानात, साप दोराच्या वेटोळ्यात. सापडल्यावर स्वतःचाच राग येतो, आणि तो राग गोड असतो. वाईट खेळ घोडा शोधायला सांगतो आणि घोडा खिडकीच्या पडद्यावर, त्या पडद्याच्याच रंगात, इतका पुसट काढतो की काढणाऱ्यालाही पुन्हा सापडू नये. मुंगी शेळीएवढी, हत्ती बटणाएवढा. त्यात खोलीत अंधार, आणि आमचा मोबाइल सहा इंचांचा. “याला लपवणं नाही म्हणत,” असा सासूबाईंचा निकाल आहे. “याला दडपणं म्हणतात.” चिडून तुम्ही भराभर कुठेही बोटं मारायला लागलात, तर कित्येक खेळ शिक्षाही देतात, थोडा वेळ काही टिपूच देत नाहीत.

लपवण्याचा खरा वस्ताद मला ‘हिडन फोक्स’मध्ये भेटला. हा २०१७ चा खेळ अख्खा काळ्या-पांढऱ्या रेघांत हाताने काढलेला आहे. बोट लावलं की झुडूप बाजूला होतं, तंबूचं दार उघडतं, आणि प्रत्येक गोष्टीचा आवाज माणसाने तोंडाने काढलेला. माकडापासून गाडीच्या दारापर्यंत सगळं तोंडानेच! शिवाय प्रत्येक वस्तूसाठी एका ओळीची खूण असते. ती वाचून, हा बाबा कुठे गेला असेल, याचा विचार करायचा. सासूबाई त्यात शोधायचं सोडून तासभर दारंच उघडत-मिटत बसल्या होत्या. त्यात पडका वाडा नाही, भूत नाही, आणि कुऱ्हाडीचाही प्रश्न येत नाही.

पैशाचं बोलायचं तर बिग फिशची जुनी रीत मला सरळ वाटते. तासभर फुकट खेळा, आवडलं तर विकत घ्या. फक्त त्यांच्या ‘कलेक्टर्स एडिशन’मध्ये एक गंमत आहे. थोडे जास्त पैसे मोजले की वरचा एखादा अध्याय मिळतो आणि सोबत सगळ्या कोड्यांची उत्तरंही मिळतात. आधी पेपर विकायचा, मग उत्तरपत्रिका! हे धाडस आपल्याकडच्या गाइडवाल्यांनीही थोडी लाज बाळगून केलेलं आहे.

पण खरे बिलंदर फुकटवाले. फेसबुकवर २०१२ मध्ये आलेला ‘क्रिमिनल केस’ आणि २०१७ चा ‘जून्स जर्नी’ या घराण्यातले. यांत शोधायला ‘एनर्जी’ लागते. चार-पाच खोल्या झाल्या की ती संपते आणि ती भरेपर्यंत थांबा, नाहीतर पैसे मोजा. लोडशेडिंग भोगलेल्या माणसावर स्वतःच लोडशेडिंग लादून ते उठवायचे पैसे मागणारे हे पहिलेच. तीच खोली, त्याच वस्तू, चांदण्या मिळवण्यासाठी पुन्हा पुन्हा. आणि ‘जून्स जर्नी’त तर कहर आहे. जूनच्या बहिणीचा खून झालाय, ही त्याचा छडा लावायला निघाली आहे, पण पुढची खोली उघडण्याआधी तिने आपल्या बेटावर पुरेशी फुलझाडं लावलेली असली पाहिजेत. सासूबाईंनी त्याच दिवशी तो खेळ काढायला लावला. सुतकात बागकाम त्यांना चालत नाही.

इतकी वर्षं आम्ही दोघी अशी समीक्षा करत आलो. पण सगळ्यात नेमका दोष दाखवला तो रानभाजीवाल्या मावशीने. ती पावसाळ्यात पाटीत कवळी, कधी बांबूचे कोंब, नशिबात असेल तर अळंबी घेऊन येते. त्या दिवशी पाटी ओट्यावर टेकवून ती सासूबाईंच्या खांद्यावरून डोकावली. आठ वस्तू उरल्या होत्या आणि आम्ही हिंटच्या बटणापाशी पोचलो होतो. मावशीला यादी वाचता येत नव्हती, कारण ती इंग्रजीत होती. तिने यादी विचारलीही नाही. काळपट बोट काचेपासून इंचभर लांब धरून, हे बघा, हे बघा, हे इथं, असं करत तिने यादी रिकामी करत आणली. त्यात आर्टिचोकही निघालं, जे आम्ही दोघींनी कमळाची कळी म्हणून सोडून दिलं होतं.

“कसं दिसतं गं तुला?” सासूबाईंनी विचारलं.

“पाल्यामधी पाला नसंल ते बघायचं,” मावशी म्हणाली. पावसात कुजलेल्या पानांतून अळंबी वेचणाऱ्या बाईला खोट्या वाड्यातलं घुबड ते काय! शिवाय तिच्या खेळात विषारी अळंबी उचलली तर हिंट चालत नाही.

बारावी वस्तू टिपली, घंटा वाजली, आणि बाराच्या बारा वस्तू उडून गेल्या. नायिकेच्या हाती राहिली एक मेणबत्ती.

मावशी वाट बघत थांबली. “अन् बाकीच्या अकरा?”

मी सांगितलं, त्या जातात.

“मंग हुडकाया कशाला लावल्या?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कित्येक खेळांकडेही नाही. शोधणं आणि गोष्ट यांचा संबंधच नसतो; हवी असते मेणबत्ती, पण तिच्यासाठी कोंबडा, सनई आणि अननस शोधावा लागतो. पुढच्या काळात काहींना हे उमगलं. काही खेळांत सापडलेल्या सुरीने तिथलंच पोतं फाडायचं, पोत्यातून निघालेला दाणा तिथल्याच पोपटाला द्यायचा, अशी साखळी असते. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीच्या ‘एनिग्मॅटिस’मध्ये सापडलेले पुरावे एका फळ्यावर टाचायचे आणि कशाचा कशाशी संबंध, ते आपणच जुळवायचं. तिथे सापडलेलं काही वाया गेलं असं वाटत नाही. मी हल्ली कुठलाही खेळ घेताना मावशीचाच प्रश्न आधी विचारते. चित्रं कितीही देखणी असोत, बाकीच्या अकरांचं काय करतोस?

सासूबाईंनी तिला ‘एनिग्मॅटिस’ही दाखवायचं ठरवलं होतं, पण त्यांनी कुऱ्हाडीसकट सांगितलेल्या पहिल्याच गोष्टीत मावशीचा जीव अडकलेला. दोन दिवसांनी आली ती दारातूनच, “ती पोरगी घावली का?”

“कुठली गं! तिसऱ्या दाराच्या सिंहाला डोळा नाही.”

“कुऱ्हाड टाकाया नको व्हती तिनं,” मावशी म्हणाली, आणि कवळीचे वाटे मांडायला बसली.