पांदण मोकळी करा

पावसाळ्यातला रविवार उजाडला की अर्धा विदर्भ चिखलदऱ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगेत उभा असतो. पश्चिमेकडे त्याहून वाईट. 15 जून 2025 रोजी मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चार माणसं जिवानिशी गेली. तरी आपण पुढच्या रविवारी गर्दीतच जातो.

वाशिमकरांनी तर हे मुळीच करू नये. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे थेट आपल्या जिल्ह्यातून गेलेत. जुन्या वऱ्हाडात पूर्णेच्या सखल मुलखाला पायनघाट म्हणत आणि वरच्या पठाराला बालाघाट. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत आणि वाशिम साडेपाचशेच्या आसपास. एवढी उंची चढून आलेलं गाव ‘आमच्याकडे डोंगर कुठे’ म्हणतं, हे मला पटत नाही.

आणि हे डोंगर साधे नाहीत. काटेपूर्णा आपल्याच जिल्ह्यात, काटा गावाच्या परिसरात उगम पावते, उत्तरेला उतरते, महानच्या धरणातून अकोल्याची तहान भागवते आणि पूर्णेतून तापीला मिळते. दक्षिणेचं पाणी पैनगंगेला, तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी. म्हणजे एकाच धारेवर पडलेल्या पावसाचा अर्धा हिस्सा अरबी समुद्रात जातो आणि अर्धा बंगालच्या उपसागरात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसं त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी करतात. त्याच गोदावरीला पाणी पाठवणाऱ्या आपल्या धारेची फेरी करायला परवानगीचा मोठा सोपस्कार नाही. अभयारण्य आणि राखीव जंगल तेवढं वनखात्याला विचारल्याशिवाय ओलांडू नका.

मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कुठल्याही डोंगरकाठच्या गावातून सकाळी निघा. भाकर, ठेचा, कांदा आणि भरपूर पाणी सोबत घ्या. सोयाबीन आणि तुरीच्या वावरांमधून पांदण धरायची, ई-क्लासचं गायरान ओलांडायचं आणि चढाला लागायचं. वर माती संपते, काळा कातळ आणि मुरूम लागतो. साग, धावडा, सालई, पळस. गुडघाभर गवतात पाय घातला की कुसळं पायजम्यात शिरतात, ती दुपारच्या सावलीत बसून एकेक उपटायची. रोह्यांचा कळप दिसला तर थांबा, आधी तेच पळतील. धारेवरून दोन्ही खोरी बघत चालायचं, दुसऱ्या नाल्यानं उतरायचं आणि दिवे लागायच्या आत त्याच गावात परत. वाट चुकली तर ढोरक्याला विचारा. तो नुसतं बोट दाखवणार नाही, वळणापर्यंत सोबत येईल.

पण ही फेरी दरवर्षी अवघड होत चालली आहे, आणि त्याचं कारण डोंगरात नाही, खाली आहे. दोन्हीकडचे धुरे दर पेरणीला एकेक तास पांदणीत सरकतात. काही ठिकाणी गाडीवाट आता एका बैलापुरती उरली आहे आणि तिच्या तोंडाशी बोरीच्या काट्यांचा फास टाकलेला आहे. गावनकाशात तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेल्या गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आहे, तुटक एकेरी रेषेच्या पायमार्गाची सव्वाआठ फूट. ही जमीन गावाची आहे, शेजाऱ्याची नाही. पांदण बुजली की फिरणाऱ्याचा एक रविवार जातो. शेतकऱ्याचं मात्र वर्ष जातं, कारण सोयाबीन कापून वावरात पडलेलं असतं आणि वरून पाऊस, तरी मळणीयंत्र आत जात नाही.

शासनानं 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीतून काम करायची सोय दिली. ती वापरायची गावानं. ई-क्लासवरही तीच नजर हवी. गायरान गेलं की ढोरकी गेला आणि ढोरकी गेला की डोंगराच्या वाटा सांगणारा माणूस गेला.

म्हणून कृपा करून आमच्या डोंगरावर सेल्फी पॉइंट, काचेचा पूल, रंगीत कारंजं असलं काही आणू नका. ‘पर्यटनस्थळ’ अशी पाटीही नको. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावनकाशा भिंतीवर लावा, प्रत्येक तुटक रेषेवर बोट ठेवा आणि सरपंचांना विचारा, ही वाट आज उघडी आहे का? नसेल तर मोजणीचा अर्ज त्याच सभेत लिहून घ्या, सह्या करा आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात द्या.