पैसे पाण्यात

क्रूझची कल्पना दादाची. 'राहणं, जेवण, करमणूक, सगळं तिकिटात' ही जाहिरात त्याने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि त्याच क्षणी सहलीची वसुली मोहीम झाली. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या हाती असली जाहिरात पडू नये.

पहिली वसुली मात्र जहाजानेच केली. बॅलार्ड पियरवर सामान तपासताना वहिनीची विजेची किटली आणि छोटी इस्त्री बाहेर निघाली. जहाजवाल्यांना पाण्यापेक्षा आगीची धास्ती जास्त, त्यामुळे तापणारी कुठलीच वस्तू आत जात नाही. "अहो, मी फक्त चहा करणार होते," वहिनी काकुळतीने म्हणाली. त्या माणसाने शांतपणे पावती फाडून दिली. पाठोपाठ चकल्यांचा डबाही गेला. आईच्या बटव्यातल्या आवळासुपारीकडे आणि आल्याच्या वड्यांकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिची बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणबोट. डेकचं तिकीट काढायचं, वळकटी पसरून जागा धरायची आणि रात्रभर ती जागा लढवायची. बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत जाणार, बंदराबाहेरच उभी राहणार, मग हेलकावणाऱ्या पडावात पोरं, ट्रंका आणि कोंबड्या एकदमच उतरणार. पावसाळ्यात तर सगळंच बंद. त्यामुळे धक्क्याला लागलेलं ते बहुमजली पांढरं धूड बघून ती म्हणाली, "ऑफिस छान बांधलंय. पण बोट कुठाय?"

आत शिरताच दादाने बुफेचा मजला शोधला आणि तेवढ्यात भोंगा झाला. सात आखूड, एक लांब. सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते बघायचं. पूर्वी ही कवायत निघाल्यापासून चोवीस तासांत केली तरी चालायची. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम बदलला: कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या. ही हकीगत मी दादाला सांगितली. त्याने ती गंभीरपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पण चहाची वेळ साडेपाचपर्यंतच आहे ना?"

जहाज हललं. उजव्या हाताला प्राँग्जचा दिवा, डावीकडे लांबवर खांदेरी. महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांच्या नाकासमोर उभारलेला तो जलदुर्ग बघायला कठड्याशी गर्दी झाली. गर्दीतल्या बहुतेकांची पाठ किल्ल्याकडे आणि तोंड मोबाईलकडे होतं. आईने हात जोडले. दादा तेवढ्यात तरणतलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून आला. कुणालाही पोहायचं नव्हतं. पण खुर्च्या तिकिटात होत्या. आईला मात्र त्या टॉवेलांत वळकटीचीच परंपरा दिसली असावी, कारण ती त्यातल्या एका खुर्चीवर जी बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही. बसायला आलेल्या एका तरुणाला तिने एवढंच सांगितलं, "माणूस येतंय."

'सगळ्या'त काय येत नाही ते हळूहळू कळत गेलं. थंड पेयं येत नाहीत. इंटरनेट येत नाही. किनारा सुटल्यावर मोबाईलला जहाजाचं स्वतःचं नेटवर्क मिळतं, ते उपग्रहावरून चालतं आणि त्याचे दर ऐकून माणूस मौन पाळतो. दादाने सर्वांचे फोन गोळा करून स्वतःच्या हाताने फ्लाइट मोडवर टाकले. कॅसिनोचं दार तर हद्दीबाहेर गेल्यावरच उघडलं. आपली सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांवर संपते. दादा दाराशी उभा राहून पाच मिनिटं फुकट बघून आला.

मग रात्रीचं जेवण. त्याचं वर्णन करताना मला आजही आदराने उभं राहावंसं वाटतं. पास्ता, बिर्याणी, जैन पावभाजी, सुशीसारखं काहीतरी, पुन्हा बिर्याणी आणि एका बशीत सात गोड पदार्थ. दादा जेवत नव्हता, खातं जुळवत होता.

रात्री वारा उठला. जहाज सी-सॉसारखं असतं: मधोमध बसलेला निवांत, टोकावरचा वर-खाली. पोटाची काळजी असणाऱ्याने मधली आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. दादाने जादा पैसे मोजून अगदी पुढची, वरच्या मजल्यावरची घेतली होती, 'व्ह्यू'साठी. अशा जहाजांना पाण्याखाली पंखांसारखी पाती असतात. त्यांनी आडवं डोलणं कमी होतं. पुढे-मागे आपटणं मात्र भोगावंच लागतं.

पहाटे वहिनीने आमचं दार ठोठावलं. "ह्यांना बोट लागली."

आम्ही गेलो तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जहाजावर डॉक्टर होता, पण त्याची फी तिकिटात नाही हे कळल्यावर दादाने इंजेक्शनला ठाम नकार दिला. पुतण्याने खिडकीचा पडदा सारून क्षितिजाकडे बघायला सांगितलं. दादाने बघितलं, क्षितिजही हलत होतं. आईचा पत्ता नव्हता. आम्ही तिला दोन मजले शोधत फिरलो.

नऊच्या सुमारास ती स्वतःच आली, ताजीतवानी, पदर खोचलेला. तिने आल्याची वडी दादाच्या जिभेवर ठेवली आणि पाठीवरून हात फिरवला.

"पड स्वस्थ," ती म्हणाली. "तुझ्या वाटचा नाश्ता मी करून आले. सुनेच्या वाटचाही."