दहा वॅटचा सूर्य

आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक कसे आहेत याची घरात कोणी फारशी चौकशी करत नाही. तो उतारावर उभा आहे ना, हे मात्र दादा झोपायच्या आधी विचारतो. निफाड तालुक्यात उतार शोधणं सोपं नाही. आमच्या शिवारात तो आहे फक्त कालव्याच्या भरावावर. पौषात कांद्याची लावणी आटोपली की ट्रॅक्टरला फारसं काम नसतं, बॅटरी बसते. मग गरज पडेल त्या पहाटे चाकाखालचा दगड काढायचा, ट्रॅक्टर गडगडू द्यायचा आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. शेजारच्या द्राक्षबागायतदारांना असली भानगड नाही. त्यांचे ट्रॅक्टर ब्लोअर लावून सतत बागेत फिरत असतात, बॅटरीला बसायला सवड कुठली? आमचा ट्रॅक्टर मात्र माझ्यावर गेलाय, काम नसलं की अंग टाकून देतो.

मी राहतो नाशिकला, गंगापूर रोडवर. शेती करतो शनिवार-रविवारी, तीही मुख्यतः तोंडाने. बर्फाच्या देशांतले शेतकरी हिवाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये लावतात आणि बॅटरीला छोटं सोलर पॅनेल जोडून ठेवतात, असं मी कुठंतरी वाचलं आणि मला राहवेना. दहा वॅटचं पॅनेल मागवलं आणि शनिवारी रात्री शेकोटीभोवती व्याख्यान लावलं. शिसं आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाने १८५९ साली केली. ती नुसती पडून राहिली तरी आतल्या आत उतरत जाते. फार दिवस उतरलेली राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग ती कितीही चार्ज करा, पहिल्यासारखी भरत नाही. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही, रिकामी मात्र उणे दहाच्या आसपास गोठून फुटू शकते.

‘‘उणे दहा?’’ दादाने विचारलं. ‘‘आपल्याकडं?’’

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाचाच्या खाली गेला की पेपरात मथळा येतो, हे मला ठाऊक होतं. पण व्याख्यान रंगात आलं होतं, म्हणून मी घाईघाईने पुढच्या मुद्द्यावर गेलो.

पुढचा मुद्दा होता दिशा. नाशिक विसाव्या अक्षांशावर, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, म्हणून पॅनेल दक्षिणेला तोंड करून पस्तीस अंशांत उभं करायचं. कोन मी लेकीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजला. पॅनेलवर सावली पडू नये म्हणून ट्रॅक्टर भरावावरून खाली आणून खळ्यात, भर उन्हात लावला. सपाटीवर. ‘‘आता उताराची गरज नाही,’’ हे वाक्य मी जरा मोठ्यानेच म्हटलं. वहिनींना ते अजून शब्दशः पाठ आहे.

पुढचे काही रविवार वैभवाचे गेले. मी दुपारी मीटर लावायचो, आकडा बघून मान डोलवायचो. पॅनेल जोडलेलं असताना, भर उन्हात व्होल्टेज मोजणं म्हणजे पाहुणे बसलेले असताना मुलाला पाढे विचारणं. खरा आकडा हवा तर पॅनेल काढून बॅटरीला काही तास निवांत ठेवावं लागतं. हे मी वाचलं होतं, पण त्याच्या आधीच्या पानावरच माझं समाधान झालं होतं. पॅनेलवर विष्ठाही पडायची. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ असल्यामुळे ती सैबेरियाकडून आलेल्या पाहुण्यांची असावी, असं मी दोन-चार जणांना सांगितलं. ती आमच्याच कोंबड्यांची होती.

मग लाल कांद्याची ट्रॉली भरून लासलगावला निघायची पहाट उजाडली. दादाने सेल्फ मारला. ‘टक्’ एवढाच आवाज आला. पुन्हा मारला, तर तोही आला नाही. मागे भरलेली ट्रॉली, खाली सपाट खळं आणि तोंडातून वाफा सोडत उभं असलेलं सगळं घर. ट्रॉली सोडवून आम्ही धक्का मारला. ट्रॅक्टर पाच-सहा पावलं पुढे गेला, तेही आमच्या समाधानासाठी. शेवटी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ब्लोअर सोडून आला आणि दोरखंडाने ओढून आमचा चालू करून गेला. सकाळचा लिलाव हुकला. दुपारच्या सत्रात कांदा काय भावाने गेला, ते दादाने मला आपण होऊन सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बॅटरीवाल्याने हायड्रोमीटर लावला, टोपणं बंद केली आणि विचारलं, ‘‘रात्री यावर काय चालतं?’’

काय चालत नव्हतं ते विचारायला हवं होतं. पूर्वी बॅटरी अशक्त म्हणून सगळे तिला जपत. पॅनेल आल्यावर ती गावकीची पाणपोई झाली. कांद्याच्या राखणीला बसणारी पोरं तिच्यावर मोबाइल चार्ज करत. खळ्यातला एलईडी दिवा तिच्यावर. आणि पुतण्याने मडगार्डवर बसवलेला डेक, ॲम्प्लिफायरसकट, शेकोटी विझेपर्यंत तिच्यावर. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असे, ‘‘काका म्हणालेत, सूर्य फुकट भरतोय.’’

बॅटरीवाल्याने माझ्याच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दहा वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात अर्धा अँपिअर देतं. दिवसाचे पाच तास धरले तर अडीच अँपिअर-तास जमा. डेक तासाला पाच खातो. म्हणजे सूर्यनारायणाने दिवसभर राबून जे साठवलं, ते पोरं अर्ध्या तासात नाचून संपवत होती. सेल्फला क्षणभर का होईना, शे-दोनशे अँपिअर लागतात. ते कुठून यायचे?

‘‘पॅनेल एक नंबर आहे, साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘नुसत्या उभ्या बॅटरीला पुरून उरेल. डेक तेवढा काढा.’’

‘‘डेक कशाला?’’ पुतण्या म्हणाला. ‘‘काका, पॅनेलच शंभर वॅटचं आणा ना.’’

‘‘तसं थेट जोडलं तर बॅटरीतलं पाणी उकळवेल ते. मधे कंट्रोलर लागेल.’’

‘‘मग कंट्रोलर पण आणा,’’ पुतण्या म्हणाला. ‘‘पण काका, आधी बूफर आणू. म्हणजे नेमके किती वॅट लागतात ते कळेल.’’