सन्मानाचे काम तपासावे कसे? नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

अभिनंदन! परदेशी मदतीमुळे ऊसतोड मजुरांना 'सन्मानाचे काम' मिळाले का, हे तपासायला तुम्ही सातारा-सांगलीत येत आहात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ही कल्पना 1999 मध्ये जिनिव्हात मांडली. तिचे चार खांब पाठ करा: रोजगार, हक्क, सामाजिक सुरक्षा, संवाद. उसाच्या फडात एकही दिसला नाही तरी अहवालात चारही उभे हवेत.

पायरी 1: वेळ निवडा. तोड दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते. तुम्ही जूनमध्ये या. कऱ्हाड-वाळव्याचा कृष्णाकाठ हिरवागार असतो आणि तक्रार करणारे मजूर बीडला आपापल्या गावी परतलेले असतात.

पायरी 2: आराखडा बनवा. आफ्रिकेतला जुना अहवाल घ्या, देशाचे नाव बदला. त्याच संघटनेचा आफ्रिकेसाठीचा 2019 चा आबिजान जाहीरनामा मात्र वाळव्याच्या प्रकरणातून आठवणीने काढा. अहवाल कुणी वाचत नाही, पण चुका काढणारे बरोबर सापडतात.

पायरी 3: मजूर मोजा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. कोयते मोजले की बाईचे नाव, तिची मजुरी आणि तिचे बाळंतपण, तिन्ही एका फटक्यात साफ. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा परिशिष्टात ढकला.

पायरी 4: मुलाखती घ्या. मजूर गाठायचे तर भल्या पहाटे फडात जावे लागेल. तिथे पाचटाने हात चिरलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत असते आणि लेकरू बांधाला निजलेले असते. तिला विचारलेत तर ती बोलेल, मग तुमचा तक्ता बिघडेल. त्यापेक्षा मजूर पुरवणाऱ्या मुकादमाला विश्रामगृहावर बोलवा. "साहेब, पोटच्या पोरासारखी सांभाळतो माणसं," असे तो सांगेल. लिहा: 'सामाजिक संवाद उत्तम.'

पायरी 5: श्रेय घ्या. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले. ही वाढ आपल्या प्रकल्पाच्या खात्यावर मांडा. कोयता बंद ठेवण्याचा इशारा देणाऱ्या मजूर संघटनांचे नावही काढू नका. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीला 'आगाऊ अर्थसाहाय्य' म्हणा, खाड्याच्या (गैरहजेरीच्या) दंडाला 'हजेरीची शिस्त'. कर्जापोटी राबवून घेण्यावर बंदी घालणारा 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा झोपण्यापूर्वी वाचू नका, झोप येणार नाही. शेवटी 'उद्दिष्टे अंशतः साध्य' असे लिहून पुढच्या टप्प्यासाठी निधी मागा.

एवढे केलेत की तुम्ही तज्ज्ञ झालात. पण चुकून कधी खरेच तपासावेसे वाटले, तर हंगाम संपून पट्टा पडायच्या आधी या, मुकादमाला बाहेर थांबवा, मजुरांच्या कोपीत (झोपडीत) बसा आणि त्या बाईलाच विचारा: उचल फिटली, की पुढच्या हंगामाला चढली? चढली असेल, तर मदत तिच्यापर्यंत पोहोचली नाही. अहवालात पहिल्या पानावर तेवढेच लिहा.