पान क्रमांकासह पुरावा द्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी वाचावं, याला माझा विरोध नाही. मूल वाचत बसलं की टीव्हीचा रिमोट मोकळा राहतो. माझी तक्रार आहे ती वाचून झाल्यावर जे करायचं असतं त्याबद्दल.

भाची यंदा नववीत गेली. ती ठाण्याची, मी मुलुंड पूर्वेचा. मामाचा गाव एका स्टेशनावर असल्यानं ती सुट्टीत येते आणि येताना शाळेची ‘समर रीडिंग’ची यादी घेऊन येते. चार पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकाची थीम ओळखायची. त्यासाठी छापील तक्ता आहे. रकाने चार: थीम, पुरावा, पान क्रमांक आणि ‘माझ्या आयुष्याशी संबंध’. पुस्तक आवडलं का, हा रकाना नाही. जागा पुरली नसावी.

पहिलं ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. थीम ठरवायला आम्हाला त्याहून जास्त लागले. भाचीनं सरळ ‘आई’ असं लिहिलं होतं. बाईंचा ग्रुपवर निरोप आला की शीर्षकात असलेली गोष्ट थीम म्हणून धरली जाणार नाही. मग बेचाळीस रात्रींतून आई वगळली तर काय उरतं, ते आम्ही पाहिलं. गरिबी उरली. ती लिहिली. ‘हिचा माझ्या आयुष्याशी काय संबंध लिहू?’ असं भाचीनं विचारलं, तेव्हा एसी अठरावर होता.

दुसरं मिलिंद बोकील यांचं ‘शाळा’, 2004 सालचं. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद जोशी, त्याच्या मनातली शिरोडकर, आणि अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून वर्गातल्या मुलींवर चर्चासत्रं भरवणारी मित्रमंडळी. त्या वयाबद्दल मराठीत इतकं नेमकं फार थोडं लिहिलं गेलं आहे. थीम काय, हे भाचीला पहिल्या काही पानांतच कळलं. ताईलाही कळलं, म्हणून तिनं ठाण्याहून फोन करून बजावलं, ‘तसलं काही तक्त्यात लिहायचं नाही हं.’ शेवटी तडजोड झाली आणि ‘शिक्षणाचे महत्त्व’ असं लिहिलं गेलं. पुरावा: मुखपृष्ठ.

तिसरं ‘वनवास’. प्रकाश नारायण संतांचा लंपन आजी-आजोबांकडे राहतो, हिंडतो, टुकूटुकू बघतो आणि जे बघतो ते त्याला मॅडसारखं वाटत राहतं. तक्त्याला एवढं पुरत नाही. खाली बारीक अक्षरांत सूचना आहे: ‘मुख्य समस्या व तिचे निराकरण एका ओळीत लिहा.’ लंपनला समस्या आहे, आई-बाबा दुसऱ्या गावी आहेत. पण तो तिचं निराकरण करत बसत नाही. करायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. तो रकाना कोरा राहिला. कोऱ्या रकान्याचा अर्धा गुण कापतात.

चौथं ‘पाडस’. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या 1938च्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. मूळ पुस्तकाला पुढच्याच वर्षी पुलित्झर मिळालं. ज्योडी हरणाचं पिल्लू पाळतो, ते मोठं होऊन शेतातलं पीक फस्त करू लागतं आणि शेवटी ज्योडीलाच त्याला गोळी घालावी लागते. भाची दार लावून रडली. तोंड धुऊन बाहेर आली आणि तिनं लिहिलं, ‘थीम: वन्यजीव संरक्षण’.

‘अगं, पण ते मरतं ना शेवटी?’

‘मामा, गेल्या वर्षी या थीमला पूर्ण मार्क होते.’

आयुष्याशी संबंध: ‘आमच्या सोसायटीत प्राणी पाळायला परवानगी नाही.’

आता पुरावा. पुराव्याच्या पानांवर रंगीत चिकट चिठ्ठ्या लावायच्या: मैत्रीला गुलाबी, धाडसाला पिवळ्या, पर्यावरणाला हिरव्या. पुस्तकं पश्चिमेच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयातली, त्यामुळे पेन्सिल लावायची नाही, हे रास्तच आहे. म्हणून भर दुपारी रेल्वेचा पूल ओलांडून पाच रस्त्याकडे स्टेशनरीचं दुकान गाठलं. मुलुंडातल्या समस्त भाच्या आधीच येऊन गेल्या होत्या. फक्त हिरव्या चिठ्ठ्या शिल्लक होत्या. त्यामुळे यंदा आम्हाला पर्यावरण फार सापडलं. ‘शाळा’तसुद्धा.

पालकांचा ग्रुप रात्री अकरानंतर जागा होतो. ‘कुणाकडे वनवासची थीम आहे का? अर्जंट.’ एका दानशूर वडिलांनी चारही थीमा मोबाइलकडून काढून घेतल्या आणि सगळ्यांना पाठवल्या. चारही पुस्तकांत ‘स्वतःचा शोध’ निघाला. बाईंनी लगोलग आठवण दिली की उत्तर स्वतःच्या शब्दांत हवं. तेव्हा सगळ्यांनी ‘स्वतःचा शोध’ खोडून ‘आत्मशोध’ केलं.

हे मुलुंडपुरतं नाही. अमेरिकन शाळांत वर्षानुवर्षं वाचायला लावली जाणारी ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी एस. ई. हिंटन हिनं शाळकरी वयातच लिहिली. 1967 साली ती छापून आली. ती लिहीत होती त्या वर्षी सर्जनशील लेखनात तिला ‘डी’ मिळाला होता, असं तिनंच सांगितलं आहे. आता त्याच कादंबरीच्या थीमा ओळखून तिथली मुलं ‘ए’ मिळवतात. व्यवस्था चोख आहे. लिहिणारी तेवढी मागे राहिली.

तक्ता भरून झाल्यावर भाचीनं माझ्या कपाटातला फास्टर फेणे काढला. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा सायकल हाणत संकटात शिरतो आणि ‘टॉक्’ करून बाहेर पडतो. मी सवयीनं सुचवलं, ‘पर्यावरणपूरक वाहतूक?’ हिरव्या चिठ्ठ्या अजून उरल्या होत्या. तिनं मान वर केली नाही. ‘मामा, गप्प बस ना जरा.’

मग मी गप्प बसून शाळेचं परिपत्रक वाचलं आणि जादा मिळालेल्या तक्त्यात तेही भरून टाकलं. थीम: शिस्त. पुरावा: ‘अनिवार्य’ हा शब्द, पान 1, ठळक अक्षरांत. मुख्य समस्या: तक्ता ए-फोर कागदावर चिकटवायचा की चार्ट पेपरवर, यावर पालकांत एकमत नाही. निराकरण: शाळा उघडल्यावर कळवण्यात येईल. माझ्या आयुष्याशी संबंध: धाकटा भाचा यंदा आठवीत गेला.