नाक मुठीत धरून

दिवाळी सरली, बांधीतला धान खळ्यावर आला, की आमच्या गडचिरोलीत दोन हंगाम सुरू होतात. एक झाडीपट्टीच्या नाटकांचा आणि दुसरा माझ्या वाडीतल्या ढेकण्यांचा. नाटकाची तारीख नाटक कंपन्यांच्या वडशाला जाऊन ठरवावी लागते. ढेकण्या बिनतारखेचा येतो आणि त्याचा प्रयोग पहाटे संपत नाही.

वाडी म्हणजे घरामागची चार वाफ्यांची जागा. वालाचा मांडव, थोडी वांगी, थोडे टमाटर, कडेला सांबार. ढेकण्या हिरवागार, नखाएवढा, ढालीच्या आकाराचा. मांडवावर बसतो तो असा, की वेलीलाच फुटला असावा. तोंडाच्या जागी सुई. ती कोवळ्या शेंगेत खुपसून रस ओढतो. मग शेंग वाकडी होते, दाणा पोचट राहतो, टमाटरावर पांढरट ठिपके उठतात. धानाच्या लोंबीतलं दूध पिऊन शेतकऱ्याच्या हाती नुसतं फोल ठेवणारा ढेकण्या याचाच चुलतभाऊ. खानदानच पिणाऱ्यांचं.

पहिल्या वर्षी मी त्याला चिमटीत धरून चिरडला. एकदाच. त्याच्या छातीशी, पायांच्या बुडाजवळ वासाच्या ग्रंथी असतात, हे ज्ञान मला पुस्तकाआधी बोटांनी दिलं. साबण झाला, राख झाली, लिंबू झालं. शेवटी बायकोने माझं ताट ओसरीवर मांडलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. माझं सोयर सुटायला दोन दिवस लागले.

त्याच आठवड्यात मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला गेलो होतो. दुसऱ्या अंकात नायिकेचं घर उद्ध्वस्त होत होतं. दिव्याभोवती घिरट्या घालणारे एक हिरवे महाशय नेमके माझ्या कॉलरमध्ये उतरले. मी सवयीने चापट मारली. क्षणभरात पुढच्या दोन रांगांतल्या बायांनी नाकाला पदर लावला. नायिकेला वाटलं असेल, आज आपला प्रवेश भलताच रंगला.

एरवी मी नाकावर माशी बसू न देणारा माणूस. पण दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून शेजारच्या काकूंना शरण गेलो. काकूंची वाडी म्हणजे नांदतं घर. तिथे ढेकण्याही वचकून असतो.

“त्याले चिरडता कायले, भाऊ?” काकू म्हणाल्या. “सकाळी थंडीत तो सुस्त असते. साबणाच्या पान्याचं गंज खाली धरा अन् पान हलवा. आपसूक पडते.”

खरंच पडतो. धक्का लागला की पाय सोडून देणं हा त्याचा जुना बचाव. खाली गंज आहे, हे त्याच्या पूर्वजांनी त्याला सांगितलेलं नसतं. काकूंनी आणखी एक उपाय दिला. लिटरभर पाण्यात मूठभर, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम, कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवायच्या, सकाळी ते पाणी गाळून फवारायचं. हाच कृषी खात्याचा ५ टक्के निंबोळी अर्क. काकूंकडे टक्के नव्हते, मूठ होती.

तेव्हापासून मी रोज सकाळी गंज घेऊन मांडवाखाली उभा असतो आणि पानांची मागची बाजू वाचतो. एका पानामागे अंडी सापडली. इवल्या पिंपांसारखी, प्रत्येकाला झाकण, रांगेला रांग लागलेली. मला साधी चटई इतकी सरळ अंथरता येत नाही. काही अंडी मात्र काळी पडलेली. काळी अंडी म्हणजे आत ट्रिसोल्कस नावाची, मुंगीहून लहान गांधीलमाशी वाढते आहे. ढेकण्याच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते आणि अंडं कुरतडून बाहेर येते ती तिची लेक. मी इतके दिवस ज्या कामासाठी घाम गाळत होतो, ते माझ्याच वाडीत कुणीतरी बिनबोभाट करत होतं. ते पान तेवढं मी तोडलं नाही.

अशी नेमणूक माणसांनीही केलेली आहे. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमारास संत्र्याच्या बागांसाठी लाल मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात. मुंग्या झाडावरच्या ढेकण्यांचा फडशा पाडत. पानं शिवून घरटी करणाऱ्या त्या मुंग्या आमच्या जंगलात मुबलक आहेत. माडिया घरांत त्यांची आंबट चटणी होते. एक घरटं वाडीत आणावं असं मनात आलं होतं. पण या राखणदारांना चोर आणि मालक यांतला फरक कळत नाही, आणि मांडवाखाली सकाळी उघड्या पायांनी मीच उभा असतो.

खरा दणका मात्र पुढे बसला. ढेकण्याच्या वासात अल्डिहाइड नावाची रसायनं असतात, आणि त्यांतली काही जशीच्या तशी कोथिंबिरीच्या पानात असतात. इंग्रजी ‘कोरिअँडर’ हे नावच ग्रीक ‘कोरिस’वरून, म्हणजे ढेकणावरून आलं, असं सांगतात. ही कोथिंबीर म्हणजेच आमचा सांबार. पुण्याच्या पाहुण्यांना “वरणावर सांबार घालू?” विचारलं की ते आधी इडली शोधतात, मग ताडोबाच्या दिशेने बघतात. आता त्यांना तिसरा अर्थही सांगावा लागणार. जगात काही नाकांना कोथिंबीर साबणासारखी लागते. त्यामागे वास ओळखणाऱ्या जनुकांतला फरक असावा, असं २०१२ साली संशोधकांनी दाखवलं. म्हणजे वास तोच. वरणावर पडला की भूक लागते, कॉलरमध्ये पडला की रांगा उठतात.

बायकोला मी हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री ताट वाढलं, आतल्या घरात, आणि वरणावर मूठभर सांबार चिरून टाकला, नेहमीपेक्षा जास्तच.

मी पहिला घास कालवला आणि हात नाकाशी नेला. बराच वेळ हुंगून पाहिलं. सकाळी एक ढेकण्या गंजाऐवजी तळहातावर पडला होता, ते तिला सांगितलेलं नव्हतं.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “सांबार ताजा आहे.”