बोरिवलीचे दर्यावर्दी

आमच्या सोसायटीतले अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि थेट पॅसिफिक महासागरात उतरले. समुद्राशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध गोराईच्या फेरीपुरता, आणि तीही त्यांना लागते.

सर्वसाधारण सभेत ए विंगमध्ये उंदीर झाल्याची तक्रार निघाली. अण्णा उठले. "मॅगेलनची माणसं तीन महिने वीस दिवस ताज्या अन्नावाचून होती! डोलकाठीच्या दांड्यावरचं चामडं समुद्रात भिजवून, निखाऱ्यावर भाजून खाल्लं. उंदीर अर्ध्या डुकॅटला विकला जायचा, तोही मिळायचा नाही!" कांदासुद्धा न खाणारे मेहताभाई उठून बाहेर गेले. पेस्ट कंट्रोलचा ठराव राहूनच गेला.

संध्याकाळी फिरायला मंडपेश्वरच्या लेण्यांपर्यंत जातात. तिथे नवा श्रोता सापडला की सुरू. "स्पेनचा दुसरा फिलिप, 1581 पासून पोर्तुगालचाही राजा. साष्टी पोर्तुगीजांची, म्हणजे बोरिवली त्याची. फिलिपिन्सला नावही त्याचंच. आपण आणि मनिला एकाच राजाची रयत!" चिमाजी अप्पांचं नाव काढलं की मात्र तत्काळ पक्ष बदलून वसईच्या तटावर चढतात.

त्यांचं खरं दैवत आंद्रेस दे उर्दानेता. मेक्सिकोहून आशियाला जाणं जमत होतं. परतताना वारा समोरून, जहाजं हात हलवत माघारी फिरायची. उर्दानेता 1565 मध्ये फिलिपिन्सहून आधी उत्तरेला चढला, जपानच्या अक्षांशाकडे पश्चिमेचा वारा धरला आणि मेक्सिकोचा किनारा गाठला. त्याच वाटेने मनिलाची गलबतं 1815 पर्यंत मेक्सिकोला परतत राहिली. नोकरीत असताना अण्णाही चर्चगेटला जायला आधी उत्तरेला विरार गाठत आणि त्याच गाडीत खिडकी धरून परत येत. हे उर्दानेताचंच तंत्र, असं त्यांनी एकदा डब्यात समजावून सांगितलं. विरारकरांना इतिहासात रस नसतो. त्यांनी अण्णांना कॉलर धरून उठवलं.

गेल्या दिवाळीत अण्णा-वहिनींबरोबर त्यांच्या भाचीकडे मुलुंडला निघालो. अण्णा पूर्वी एकदा जाऊन आलेले. "मॅप कशाला? वाट पाठ आहे." टॅक्सीत स्पॅनिश दर्यावर्दी मेंडान्या सुरू झाला. त्याला 1568 मध्ये सॉलोमन बेटं सापडली. 1595 मध्ये तीच गाठायला पुन्हा निघाला, तर काही केल्या मिळेनात. रेखांश नीट मोजायची सोयच नव्हती. मुलुंड पश्चिमेला दोन फेऱ्या झाल्या. मेंडान्या सांताक्रूझ बेटावर वारला, तेव्हा आम्ही भांडुपला होतो. (आपलं सांताक्रूझ नव्हे; पण अण्णांच्या हाती वाट राहिली असती तर तिथेही पोचलो असतो.)

वहिनींनी पर्समधून मोबाईल काढला. "भैया, यू टर्न. पूर्वेला घ्या." पाच मिनिटांत भाचीचं दार आलं.

"मग त्याची बायको, इसाबेल बारेतो, तिने ताफा ताब्यात घेतला आणि मनिलाला नेला," अण्णांनी उतरता उतरता गोष्ट संपवली. "फार हेकट बाई होती म्हणतात."

पॅसिफिकबद्दल काही विचारायचं असेल तर अण्णांकडे खुशाल जा, चहा उत्तम मिळतो. मुलुंडचा पत्ता मात्र वहिनींना विचारा.